ऑपरेटरच्या टेबलावरील साठ बटणें

मोठ्या कचेरींत फोन करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना एक अनुभव हमखास आलेला असतो. पलीकडून संस्थेचें नांव सांगणारा एक शांत आवाज येतो. आपलें काम दोन वाक्यांत सांगितलें कीं तो आवाज "थांबा हं, जोडून देते" असें म्हणतो. आणि मग कांहीं काळ कानाशीं नुसती शांतता असते. ती दोन-तीन सेकंदांची असली तर लक्षांतहि येत नाहीं. ती अर्ध्या मिनिटाची झाली कीं फोन करणारा मनांत चरफडूं लागतो आणि त्याचा सगळा राग त्या आवाजावर निघतो. पण ती शांतता किती लांबावी, हें पुष्कळदां त्या आवाजाच्या हातीं नसतेंच. फोन बसविणाऱ्या गृहस्थांनीं तें कधीं तरी एका दुपारीं घाईघाईनें ठरवून टाकलेलें असतें. ऑपरेटरच्या टेबलावर बटणांचा जो फलक असतो, त्यावरील कोणतें बटण कोणाचें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. त्या फलकाची जुळणी कशी होते व कशी व्हावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा फलक म्हणजे स्वतंत्र टेलिफोन नव्हे. ऑपरेटरच्या टेलिफोनला, बहुधा उजव्या अंगास, जोडलेली ती एक पाटी असते. तिच्यावर ओळीनें बटणें, प्रत्येक बटणाशीं एक चिमुकला दिवा, आणि त्यापुढें नांवाची चिठ्ठी अथवा कांचेवर उमटणारीं अक्षरें. प्रत्येक बटण कचेरींतील एकेका एक्स्टेन्शनचें. दिव्यावरून त्या एक्स्टेन्शनची हालहवाल कळते: तें मोकळें आहे, त्याची घंटा वाजत आहे, कीं त्यावर बोलणें चाललें आहे. बटण दाबलें कीं तो क्रमांक लागतो. म्हणजे एकच बटण डोळ्यांस बातमी देतें आणि बोटाची आज्ञाहि पाळतें. फलकांचे आकार अनेक आहेत. पॅनासॉनिक कंपनीच्या टी-७६४० या नमुन्यावर ६० बटणें असत. सिस्कोच्या ७९१४ या नमुन्यावर १४ बटणें, आणि असे दोन फलक एकापुढें एक जोडतां येत. यीलिंकच्या ईएक्सपी-४० वर बटणें २०च. पण पुस्तकाचें पान उलटावें तशी एक कळ दाबली कीं त्याच २० बटणांना दुसरीं २० नांवें मिळतात. ही पान उलटण्याची युक्ति जाहिरातींत मोठी सोयीची दिसते. कामाच्या गर्दींत मात्र जें पान समोर नाहीं, त्यावरचा दिवा ऑपरेटरला दिसत नाहीं, ही गोष्ट जाहिरातींत सांगितलेली नसते.

ही पाटी टेलिफोनच्या पाठोपाठच जन्मास आली. अमेरिकेंत न्यू हेवन गांवीं जॉर्ज कॉय यानें २८ जानेवारी १८७८ रोजीं धंद्याच्या तत्त्वावर चालणारें पहिलें टेलिफोन-एक्स्चेंज उघडलें. ग्राहक अवघे २१. गाडीचे बोल्ट आणि किटलीच्या झांकणांच्या मुठी असलें सामान जमवून त्यानें आपला फलक तयार केला असें सांगतात. त्यावर एका वेळीं दोनच संभाषणें चालूं शकत. चार वर्षांनीं, जानेवारी १८८२ मध्यें, मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत एक्स्चेंजें सुरू झालीं. अमेरिकेंतील त्या पहिल्या दिवसांत फोन करणारा क्रमांक सांगत नसे, कारण क्रमांक नव्हतेच. तो नांव सांगे, आणि त्या नांवाची तार फलकाच्या कोणत्या भोकाशीं आहे हें ऑपरेटरच्या डोक्यांत असे.

याच संदर्भांत लोवेल येथील एक गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि बटणांच्या फलकाची जुळणी करणाऱ्या प्रत्येकानें ती कामाला हात घालण्यापूर्वीं आठवावी अशी ती आहे. मॅसॅच्युसेट्समधील या गिरण्यांच्या गांवीं १८७९ सालीं गोवराची सांथ आली. गांवांत टेलिफोनचे ग्राहक दोनशेंवर गेले होते आणि फलकावर काम करणाऱ्या चार व्यक्ति होत्या. मोझेस ग्रीली पार्कर नांवाच्या तेथील डॉक्टरांच्या मनांत आलें कीं, या चौघी एकदम आजारी पडल्या तर त्यांच्या जागीं बसणाऱ्या माणसाला कोणाची तार कोठें हें कळणार कसें? त्यांनीं सुचविलें कीं ग्राहकांना नांवांऐवजीं क्रमांक द्यावेत. टेलिफोन-क्रमांक ही आज जगाच्या अंगवळणीं पडलेली वस्तु अशा रीतीनें एका गोवराच्या भीतींतून निघाली. डोक्यांत असलेलें ज्ञान फलकावर उतरवून ठेवणें, एवढाच पार्कर यांच्या सूचनेचा अर्थ होता. आजच्या साठ बटणांच्या पाटीचा अर्थ त्याहून निराळा नाहीं.

पुढें ऑल्मन स्ट्राउजर यास १८९१ सालीं स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट मिळालें आणि शहरांतल्या शहरांत माणसाच्या मदतीवांचून फोन लागण्याचा मार्ग खुला झाला. गांवाची ऑपरेटर हळूहळू नाहींशी झाली. कचेरीची मात्र राहिली. अलीकडे तिच्या जागीं "अमुकसाठीं एक दाबा, तमुकसाठीं दोन दाबा" असें सांगणारें मुद्रित बोलणें बसविण्याची पद्धत आहे. ज्याला आपलें काम कोणत्या विभागाचें हें ठाऊक आहे त्याला तें पुरतें. ज्याला ठाऊक नाहीं, आणि जो घाबरलेला आहे, त्याला त्या बोलण्याचा उपयोग शून्य. म्हणून रुग्णालयें, न्यायविषयक कचेऱ्या, मोठ्या शाळा अशा ठिकाणीं आजहि टेबलामागें माणूस असतो.

उदाहरणादाखल मध्यम आकाराचें एक रुग्णालय डोळ्यांसमोर आणावें. त्यांत ११० एक्स्टेन्शनें आहेत आणि फलकावर ६० बटणें. फोन बसविणारे गृहस्थ येतात तेव्हां त्यांच्या हातीं एक यादी दिलेली असते. ती यादी व्यवस्थापकांच्या खोलींत तयार झालेली असते आणि तिचा क्रम पदांचा असतो: आरंभीं विश्वस्त, मग संचालक, मग त्यांचे साहाय्यक, आणि उतरत उतरत शेवटीं स्वयंपाकघर व लिफ्ट. गृहस्थ यादी वरून खालीं वाचतात आणि बटणें वरून खालीं भरतात. साठावें बटण भरलें कीं यादींतील उरलेलीं नांवें आपोआप गळतात. तासाभरांत काम पुरें होतें, सही होते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं असें दिसून येतें कीं, फलकाच्या डाव्या वरच्या कोंपऱ्यांत, जेथें डोळा सर्वांत आधीं जातो तेथें, विश्वस्तांचें बटण आहे. त्यांना आठवड्यांतून दोन फोन येतात, आणि ते तर बहुधा स्वतःच्या खिशांतील फोनवर. ज्या नोंदणीच्या खिडकीला दिवसांतून शंभर फोन द्यावे लागतात तिचें बटण खालच्या ओळींत आहे. आणि रक्तपेढीचें बटण नाहींच.

या चुकीवर उपाय अगदीं साधा आहे व तो फोनच्या यंत्रांत नाहीं. यंत्रास हात लावण्यापूर्वीं आठवडाभर ऑपरेटरच्या शेजारीं एक कोरा कागद ठेवावा आणि जो जो फोन ज्या ज्या विभागाला द्यावा लागेल त्या विभागापुढें तिनें एक रेघ ओढावी. पांचवी रेघ आडवी मारून गठ्ठे करण्याची जी रीत गोदामांत चालते तीच येथें पुरते. एक्स्चेंज नवें असेल तर त्याच्या दप्तरांतून अशी मोजणी आयती मिळते. पण तींत अर्धें सत्य असतें. ऑपरेटरनें चुकून एकीकडे दिलेला व मग दुसरीकडे वळविलेला फोन दप्तरांत दोनदां मोजला जातो. आणि "डॉक्टर कोठें आहेत तें शोधून सांगतें" म्हणून तिनें केलेली तीन ठिकाणची चौकशी कोणाच्या नांवावर मांडावी हें दप्तराला समजत नाहीं. कागदावरील रेघांच्या शेजारीं ऑपरेटर दोन शब्द लिहूं शकते, आणि बहुधा ते दोन शब्दच अधिक मोलाचे ठरतात.

मोजणीनें मात्र सगळें ठरत नाहीं. रक्तपेढीला दिवसांतून चारच फोन द्यावे लागत असतील. तरी ते चार फोन पाठ्यपुस्तक चाळत बसण्याच्या वेळीं येत नाहींत. अपघात विभाग, शस्त्रक्रियागृहाबाहेरची खोली, लिफ्ट, वीज पाहणारा माणूस आणि फाटकावरचा पहारेकरी हीं बटणें रेघांच्या संख्येवर सोडून भागत नाहीं. संख्या हा येथें चांगला सल्लागार आहे, न्यायाधीश नव्हे. म्हणून बटणें वाटतांना दोन यादींचा मेळ घालावा लागतो. एक, रोज लागणाऱ्या विभागांची. दुसरी, क्वचित लागणाऱ्या पण लागल्यास त्याच क्षणीं लागणाऱ्या विभागांची. या दोन्हींनीं साधारण चाळीस-पंचेचाळीस बटणें भरतात. मग उरलेल्या पंधरांत संचालकांची सोय खुशाल करावी. त्यांचा मान बटणाच्या जागेवरून ठरत असेल तर रुग्णालयाची प्रकृतिच तपासावी लागेल.

आतां मांडणी. बटणें कोणतीं हें ठरलें तरी कोठें हा प्रश्न उरतो, आणि त्यावर पुष्कळ शास्त्रीय विचार झालेला आहे. बटणें दाबण्याचा फोन येण्यापूर्वीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन कार्लिन यांच्या हाताखालील संशोधकांनीं दहा अंकांच्या बटणांच्या अनेक रचना माणसांकडून दाबवून पाहिल्या. त्यांपैकीं डाइनिंजर यांनीं या प्रयोगांचा वृत्तान्त १९६० सालीं छापला. त्यांत गंमत अशी दिसली कीं बऱ्याच रचनांमध्यें वेगाचा फरक थोडाच पडतो. शेवटीं तीन-तीनच्या तीन ओळी व खालीं शून्य ही रचना घेऊन १९६३ सालीं तो फोन बाजारांत आला, आणि तीच आज सर्वत्र आहे. दहा बटणें असलीं तर हात कशालाहि सरावतो, असा त्याचा एक अर्थ काढतां येईल. साठ बटणांना तो लागू नाहीं. साठांत डोळ्याला शोधावें लागतें, आणि बोटाला जितकें लांब जावें लागेल व बटण जितकें लहान असेल तितका वेळ अधिक लागतो. ही दुसरी गोष्ट पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं गणितांत मांडून दाखविली.

म्हणून साठ बटणांची पाटी गांवाच्या नकाशासारखी भरावी. इमारतीचा तळमजला पाटीच्या तळाशीं, वरचा मजला वर. ही रचना सर्वांत लवकर पाठ होते, कारण ऑपरेटरच्या मनांत इमारतीचें चित्र आधींच असतें. तिला "प्रसूतिविभाग तिसऱ्या मजल्यावर" हें आठवावें लागत नाहीं. तेथें ती पाय झिजवून आलेली असते. दोन विभागांमध्यें एक-दोन बटणें मुद्दाम कोरी सोडावींत. कोरें बटण वांया गेलें असें व्यवस्थापकांना वाटतें. परंतु परिच्छेद न पाडतां छापलेलें पान वाचण्याचा त्रास ज्यांनीं भोगला आहे, त्यांना त्या कोऱ्या जागेचें मोल पटेल. शिवाय सहा महिन्यांनीं नवा विभाग निघाला तर त्यासाठीं सगळी पाटी विस्कटावी लागत नाहीं. वारंवार लागणारीं सात-आठ बटणें मात्र नकाशाबाहेर काढून टेलिफोनला लागून असलेल्या उभ्या ओळींत घ्यावींत, म्हणजे मनगट न उचलतां बोट तेथें पोंचेल. आणि जीं दोन बटणें एकमेकांच्या ऐवजीं दाबलीं गेल्यास अनर्थ होईल, तीं शेजारीं ठेवूं नयेत. शवागार आणि बालरुग्णविभाग हीं एकाखालीं एक असलेलीं बटणें कल्पनेंत आणलीं तरी या नियमाचें कारण सांगावें लागणार नाहीं.

नांवाच्या चिठ्ठीचा प्रश्न याहून बारीक आहे. चिठ्ठीवर माणसाचें नांव घालावें कीं कामाचें? माणसें बदलतात, कामें राहतात. म्हणून "लेखापाल", "औषधभांडार", "क्ष-किरण" अशा चिठ्ठ्या टिकतात. शिवाय महाराष्ट्रांतील कोणत्याहि कचेरींत दोन कुलकर्णी, तीन पाटील आणि निदान चार जोशी असावयाचेच. पण रुग्णालयांत फोन करणारा डॉक्टरांचें नांवच घेतो. "हृदयरोगतज्ज्ञ क्रमांक दोन" असें कोणी विचारीत नाहीं. तेथें नांव घालणें भाग पडतें, आणि ज्या चिठ्ठींत नांव आहे ती कोणी, केव्हां बदलावयाची हें ठरवून ठेवावें लागतें. नाहीं तर नोकरी सोडून गेलेले डॉक्टर फलकावर वर्षानुवर्षें हजर राहतात. कागदी चिठ्ठी हातानें बदलतां येते, हा तिचा मोठा गुण. कांचेवर उमटणारीं अक्षरें यंत्रांतून बदलावीं लागतात, आणि त्यांत देवनागरीची पंचाईत होते: कांहीं फलकांवर ती उमटत नाहीं, कांहींवर उमटते पण जोडाक्षरें मोडून पडतात. विकत घेण्यापूर्वींच "स्त्रीरोग", "शस्त्रक्रिया" असे दोन शब्द त्यावर लिहून दाखविण्यास दुकानदारास सांगावें. दोहोंपैकीं एक जरी फुटला तरी कागदाची चिठ्ठी बरी.

इतकें कागदावर झालें म्हणजे यंत्राकडे वळावें. आजचीं बहुतेक कार्यालयीन एक्स्चेंजें २००२ सालीं ज्या स्वरूपांत प्रसिद्ध झाली त्या एसआयपी नांवाच्या संकेतपद्धतीवर चालतात. तींत दिव्याची बातमी कशी येते, हें मासिकाच्या वाचकांना समजावून देण्यास मासिकाचाच दाखला पुरेल. फलकावरचें प्रत्येक बटण एक्स्चेंजकडे एकेका एक्स्टेन्शनच्या बातमीची वर्गणी भरतें. त्या एक्स्टेन्शनवर घंटा वाजली, बोलणें सुरू झालें, संपलें, कीं एक्स्चेंज वर्गणीदार बटणाला अंक पाठवितें आणि दिव्याचा रंग पालटतो. वर्गणीला मुदत असते, अर्धा तास, एक तास अशी. ती संपण्यापूर्वीं बटणानें नूतनीकरण करावयाचें. साठ बटणें असलीं तर अशा साठ वर्गण्या. कांहीं एक्स्चेंजांत साठांची मिळून एकच यादी करून एकाच वर्गणींत काम भागवितां येतें. सोय असेल तेथें ती अवश्य घ्यावी.

यावरून फोन बसविणाऱ्याचीं कामें स्पष्ट होतात. प्रत्येक बटणापुढें त्याचा प्रकार, एक्स्टेन्शनचा क्रमांक, चिठ्ठीचें नांव आणि तें कोणत्या मार्गानें एक्स्चेंजशीं बोलणार, एवढें भरावें लागतें. तें साठ वेळां हातानें भरतां येतें, किंवा एकदां एका फाइलींत लिहून ती फाइल यंत्राला उचलूं देतां येते. दुसरी रीत निःसंशय चांगली, कारण फाइलीची प्रत ठेवतां येते. पण फलकाची बाजू भरली म्हणजे काम झालें असें नव्हे. एक्स्चेंजनेंहि त्या क्रमांकाची बातमी देण्यास तयार असावें लागतें. अ‍ॅस्टरिस्क नांवाच्या बहुप्रचलित एक्स्चेंजांत प्रत्येक क्रमांकासाठीं तशी एक स्वतंत्र ओळ लिहावी लागते. ती राहिली तर बटणानें फोन लागतो पण दिवा कधींच लागत नाहीं. बसविणारे गृहस्थ मग फलक सदोष म्हणून परत पाठवितात आणि दुसरा येतो. त्याचाहि दिवा लागत नाहीं.

न लागणारा दिवा मात्र फारसा घातक नसतो; तो बंद आहे हें ऑपरेटरला चार दिवसांत कळतें. घातक असतो तो खोटा दिवा. बोलणें संपल्याची बातमी वाटेंत हरवली, किंवा मध्यंतरीं एक्स्चेंज बंद होऊन पुन्हां चालू झालें व जुन्या वर्गण्या विसरलें, तर तांबडा दिवा तांबडाच राहतो. बाहेरगांवाहून रुग्णाचा मुलगा फोन करतो. ऑपरेटर तांबडा दिवा पाहून "डॉक्टर फोनवर आहेत, दहा मिनिटांनीं करा" असें सांगते. आणि डॉक्टर त्या वेळीं हातावर हात ठेवून खोलींत बसलेले असतात. यांत खोटें कोण बोललें? ऑपरेटर तर नव्हेच. पण ओरडा तिलाच खावा लागतो. असें दोनदां झालें कीं ती दिव्याकडे पाहणें सोडून देते आणि प्रत्येक ठिकाणीं घंटा वाजवून विचारूं लागते. मग साठ दिव्यांची पाटी दिवाळीच्या शोभेपुरती उरते. म्हणून फलक ताब्यांत घेण्यापूर्वीं एका माणसानें प्रत्येक मजल्यावर जाऊन प्रत्येक फोन उचलावा, ठेवावा, आणि ऑपरेटरनें दिवा लागला व विझला हें पाहून यादीवर खूण करावी. मग एक्स्चेंज मुद्दाम बंद करून पुन्हां सुरू करावें आणि तीच फेरी दुसऱ्यानें घालावी. ही दुसरी फेरी कोणी घालीत नाहीं.

यापुढचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, आणि तो यंत्राच्या मांडणींतील एका लहानशा ओळींत लपलेला असतो. बोलणें चालू असतांना ऑपरेटरनें दुसऱ्या एक्स्टेन्शनचें बटण दाबलें तर काय व्हावें? तिच्या हातचा फोन त्या क्षणीं तिकडे सोंपविला जावा, कीं फोन करणाऱ्यास थांबवून ठेवून आधीं तिला पलीकडच्या माणसाशीं बोलूं द्यावें? पहिल्या रीतीला एक दाब पुरतो आणि नोंदणीच्या खिडकीला रोजचे शंभर फोन देण्यास ती योग्य आहे. पण दुःखाची बातमी विचारणाऱ्या माणसाला त्या रीतीनें कोठें तरी ढकलून देणें म्हणजे अंधारांत जिना उतरावयास लावणें होय. पलीकडे कोणी उचलतो कीं नाहीं, उचललाच तर त्याला प्रकरण ठाऊक आहे कीं नाहीं, हें ऑपरेटरला कळतच नाहीं. दुसऱ्या रीतींत ती आधीं "अमक्या रुग्णाचे बंधु आहेत, आपण बोलाल का?" असें विचारते आणि मग जोडून देते. यंत्रें बहुधा सर्व बटणांना मिळून एकच रीत देतात. अशा वेळीं बटणाला सावकाशीची रीत द्यावी आणि घाईच्या रीतीसाठीं टेलिफोनवरील निराळी कळ राखावी. उलट केल्यास चूक झाल्यावर ती परत घेतां येत नाहीं. सोंपविलेला फोन चार-पांच घंटांत कोणी उचलला नाहीं तर तो ऑपरेटरकडे परत यावा, आणि तो कोणाकडून परत आला हें तिच्या कांचेवर दिसावें, ही तजवीजहि त्याच वेळीं करून घ्यावी.

लुकलुकणाऱ्या दिव्याचें बटण दाबून दुसऱ्याच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्याकडे ओढून घेतां येतो. त्यासाठीं एक्स्चेंजचा ठराविक संकेत बटणाला शिकवावा लागतो. फ्री-पीबीएक्स या प्रकारांत तो मूळचा दोन तारका व पुढें एक्स्टेन्शन असा असतो. ही सोय उपयुक्त आहे, तशीच नाजूकहि. कोणाचे फोन कोणीं उचलावे, हें यंत्र ठरवूं शकत नाहीं. त्याहून नाजूक गोष्ट अशी कीं, तोच फलक एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर बसविला तर हाताखालच्या प्रत्येक माणसाचें बोलणें केव्हां सुरू झालें व केव्हां संपलें हें त्याला बसल्या जागीं दिसूं लागतें. ऑपरेटरला ही बातमी कामासाठीं लागते. इतरांना ती कशासाठीं हवी, हें विचारण्याचा अधिकार कचेरींतील माणसांना असला पाहिजे. आणि कोणाकोणाला कोणाचे दिवे दिसतात, ही यादी गुप्त असूं नये. शिवाय दिवा सांगतो तें टेलिफोनविषयीं, माणसाविषयीं नव्हे. हिरवा दिवा म्हणजे रिसिव्हर जागेवर आहे एवढेंच. माणूस खोलींत आहे असें नव्हे. अनुभवी ऑपरेटरला हें सांगावें लागत नाहीं. दिवे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पुष्कळदां सांगावें लागतें.

एवढा वेळ दिव्यांविषयीं बोलतांना एक गोष्ट गृहीत धरली गेली: ती म्हणजे ऑपरेटरला दिसतें. आपल्या देशांत हें गृहीत धरण्याजोगें नाहीं. टेलिफोन-ऑपरेटरचें काम हें अंध स्त्री-पुरुषांना जीं मानाचीं व नियमित पगाराचीं कामें मिळूं शकलीं त्यांत अग्रगण्य आहे. १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर दि ब्लाइंडसारख्या संस्थांनीं या कामाचें शिक्षण दिलें. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठीं ज्या ३ टक्के जागा राखल्या, त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टि व्यक्तींसाठीं होता. २०१६ च्या कायद्यानें एकूण प्रमाण ४ टक्क्यांवर नेलें. सरकारी कचेऱ्यांतून व बँकांतून फोनवर ऐकूं येणारा तो शांत आवाज अनेकदां अशा व्यक्तीचा असतो, आणि फोन करणाऱ्यास त्याचा पत्ताहि नसतो. शेंकडों एक्स्टेन्शनें तोंडपाठ असणें हें या ऑपरेटरांचें नेहमींचें भांडवल.

अशा टेबलावर एक दिवस कोणी गुळगुळीत कांचेचा, चित्रें उमटणारा नवा फलक आणून ठेवतो. त्यावर उठलेलें बटण नाहीं. बोटाला सगळीकडे सारखीच कांच लागते. पंधरा वर्षें बिनचूक काम करणारें माणूस एका दुपारींत अडाणी ठरतें, आणि "यांना नवें यंत्र जमत नाहीं" असा शेरा लिहिला जातो. जमत नाहीं तें यंत्राला. जुन्या दिव्यांच्या फलकांसाठीं अंध ऑपरेटर एक लहान नळी वापरीत. ती दिव्यावर धरली कीं सूर निघे आणि दिवा लागला आहे हें कानाला कळे. आज याहून चांगले उपाय उपलब्ध आहेत. उठावाचीं बटणें असलेला फलक मागवावा. टेलिफोनच्या पांचाच्या बटणावर जसा एक उंच ठिपका असतो, तसे ठिपके दर पांचव्या बटणावर चिकटवावे आणि ओळीच्या आरंभीं ब्रेल अक्षर लावावें. संगणकावरचा फलक घेतला तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली त्याच्याशीं जुळते कीं नाहीं, हें खरेदीपूर्वीं त्या ऑपरेटरकडूनच वापरवून पाहावें. असा २००६ सालीं सुरू झालेला एनव्हीडीए तर विनामूल्य मिळतो. बोलत्या संगणकाचा आवाज एका कानांत व फोनचा दुसऱ्या कानांत, अशी व्यवस्था लागते, आणि ती करून देण्यास एका दिवसाहून अधिक खटाटोप पडत नाहीं. डोळस ऑपरेटरांतहि तांबडा-हिरवा हा भेद न समजणारे असतात. त्यांच्यासाठीं, रंग न पालटतां दिवा स्थिर, लुकलुकता व विझलेला असा तीन तऱ्हांनीं बोलेल, अशी मांडणी करून घ्यावी.

राहतां राहिली वीज. पूर्वींच्या टेलिफोनला लागणारी वीज तारेंतूनच एक्स्चेंजकडून येई; घरांतले दिवे गेले तरी फोन चाले. नव्या फोनला वीज जाळ्याच्या केबलींतून मिळते खरी, पण ती मोजकी; एक फलक तिच्यावर चालतो, दोन-तीन जोडले तर बहुधा निराळा जोड द्यावा लागतो. तेव्हां त्या जोडाला, केबलीच्या पेटीला आणि एक्स्चेंजला, तिघांनाहि बॅटरीचा आधार असावा. दोघांना देऊन तिसऱ्याला विसरण्याची चूक इतकी सर्रास होते कीं तिचें आतां कोणाला नवल वाटत नाहीं.

सगळें झाल्यावर फलकाचा नकाशा कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावा, आणि तो ऑपरेटरच्या टेबलाच्या कांचेखालीं ठेवावा. जीं पन्नास एक्स्टेन्शनें पाटीवर मावलीं नाहींत त्यांची यादी त्याच्या मागच्या बाजूस असावी. आणि तिच्याखालीं ऑपरेटरनें आपल्या हातानें लिहिलेल्या चार ओळी: कोणते डॉक्टर दुपारीं एक ते दोन फोन घेत नाहींत, रात्रीं औषधभांडाराची घंटा पहारेकऱ्याकडे वाजते, रक्तपेढीला सहा घंटा वाजूं द्याव्या कारण त्यांचा फोन आंतल्या खोलींत आहे. मग ऑपरेटरबाईंनीं एक दिवस रजा घ्यावी, आणि त्यांच्या खुर्चीवर नोंदणीच्या खिडकींतील एखाद्या नव्या कारकुनाला बसवावें. संध्याकाळीं त्यानें नकाशावर पेन्सिलीनें ज्या ज्या ठिकाणीं प्रश्नचिन्ह केलें असेल, तेवढीं बटणें दुसऱ्या दिवशीं फोन बसविणाऱ्या गृहस्थांनीं येऊन बदलावीं.